दाखवणं तुझं, ठरवणं माझं

हेमंत, परवा आबांचा फोन आला होता. वधू-वर मंडळाचे अध्यक्ष असले तरी तुझं उत्तरकार्य होऊन आठवडा झाला नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. आधी खाकरले, मग तुझ्या बायकोची, वैशालीची चौकशी केली, मग हवापाण्याचं काहीतरी बोलले आणि मग हळूच मुद्द्यावर आले. "ताई, हेमंतभाऊंची ती ओळ तेवढी काढून टाका. बठ्ठा लोके इचारतस." सगळे विचारतात म्हणे. कुठली ओळ, हे मी विचारलं नाही. त्या ओळीवरून मी तुझ्याशी इतकी भांडले आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. "बघते आबा," म्हणाले आणि फोन ठेवला. तोवर गॅसवरचा चहा उतू गेला होता.

गंमत बघ. ती ओळ काढ म्हणून तुझा जीव खाणारी मीच. आता आडवं यायला तू नाहीस, अध्यक्षांचा हुकूम हातात आहे, आणि माझा हात चालत नाहीये. चांगलीच अडकवून गेलास भो.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. माझ्याच डोक्यात ते नीट लागायला हवंय.

समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट तू धुळ्यात एकट्याने उभी केलीस. आपण कॉलेजात होतो तेव्हापासून तुला पानं सजवायचा नाद, आणि मला चुका काढायचा, म्हणून मी तुझी 'मास्तरीण'. पण त्या साइटची आतली तऱ्हा म्हणजे निव्वळ खिचडी होती. पानावर काय दिसायचं आणि कुठलं स्थळ यादीत घ्यायचं, सगळं एकाच फाइलीत. एखाद्याचं लग्न ठरलं की पानावर 'जमलं' असा शब्द उमटायचा, आणि तोच शब्द वाचून तुझा प्रोग्रॅम त्या स्थळाला यादीतून वगळायचा. दिसणारा शब्द हाच निर्णय! पुढे तुला वाटलं, धुळ्याकडच्या लोकांना आपल्या बोलीतलं वाचायला गोड वाटेल. 'जमलं' काढून तू 'जमनं' लिहिलंस. माणसांना गोड वाटलं रे, पण प्रोग्रॅम 'जमलं' शोधत बसला. त्याला ते कुठेच सापडेना. झालं, साखरपुडे झालेली सगळी पोरं-पोरी परत यादीत आली.

शिरपूरच्या कुणा मावशींनी तुला फोनवर सोलून काढलं होतं. "आमनी पोरनं लगीन जमी गयं शे रे भाऊ! आते काय दोन-दोन नवरदेव धाडशी का?" हे मला सांगताना तू इतका हसत होतास की मला अर्धं कळलंच नाही. मग एकदम म्हणालास, "ये ना वं मास्तरीण. माझ्याच्यानं हे निस्तरत नाही."

मी तेव्हा जळगावजवळ असोद्याला, माहेरी येऊन बसले होते. घटस्फोटाचा कागद नुकताच हातात आलेला. वडील केळीच्या बागेतून आले की माझ्याकडे न बघता हातपाय धुवायचे. आई दिवसभर काही ना काही खायला करून पुढे ठेवायची. तुला हे सगळं कळलं असणार, जळगाव-धुळ्यात असल्या बातम्यांना वेळ लागत नाही. तू एका शब्दाने विचारलं नाहीस. काम दिलंस. त्या दिवसांत मला कामाची किती गरज होती हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आज सांगते. फार होती.

मग अख्खा उन्हाळा आपण ती खिचडी निवडत बसलो. एकीकडे तुझे साचे: अक्षरं, रंग, शब्द, कुठली गोष्ट वर आणि कुठली खाली. दुसरीकडे माझे नियम: कोण यादीत येणार, कोणाचा फोन नंबर कोणाला दिसणार, कोणाचं ठरलं आणि कोणाचं मोडलं. मी आतून फक्त माहिती पाठवायची, तू ती मांडायचीस. तू 'जमलं' लिही, 'जमनं' लिही, नाहीतर 'बार उडाला' लिही, माझ्या बाजूला काही हलता कामा नये. फोल्डरांना नावं काय द्यायची, असा प्रश्न आला. सगळं जग इंग्रजी नावं देतं. तू म्हणालास, "मराठीत देऊ. एक 'दाखवणं', एक 'ठरवणं'."

आणि म्हणून झाल्यावर तुझं तुलाच हसू फुटलं. "आपल्यात हे पहिल्यापासून चालूच शे! पोरीला दाखवायचं, आणि ठरवायचं काका-मामांनी. दोघांनी एकमेकांच्या कामात पडायचं नाही."

"मग आता उलट करू," मी म्हटलं. "ठरवणार मी. तू दाखव. आणि चहाचा ट्रे तूच आण."

तू खरंच उठलास. आत जाऊन डोक्यावर टॉवेलचा पदर घेतलास, मान खाली घालून ट्रे घेऊन आलास आणि माझ्यासमोर लाजत उभा राहिलास. तुझी आई शिलाई मशीन थांबवून बघत राहिली. सासरच्या घरातून निघाल्यानंतर मी पहिल्यांदा पोट धरून हसले ती तेव्हा.

त्या दोन फोल्डरांमधली रेघ कुठे ओढायची, यावर आपण पुढे वर्षानुवर्षं भांडत राहिलो. वय काढणं कोणाचं काम? मी म्हणायचे माझं, जन्मतारखेवरून वय काढायचं तर तो हिशोब आहे. उंची मी सेंटिमीटरमध्ये पाठवायची आणि तू फूट-इंचात लिहायचीस, यावर मात्र एकमत झालं, कारण आपल्याकडे सेंटिमीटरमध्ये कोणी नवरा मोजत नाही. मग मंगळाचं आलं. मंडळाचं म्हणणं, पत्रिकेत मंगळ असेल तर ते लाल अक्षरात दिसू दे. तू साफ नाही म्हणालास. "लाल रंग गॅसच्या टाकीला असतो. पोरीला कशाला?" बाकीच्या अक्षरांसारखंच काळ्या शाईत लिहिलंस आणि मंडळही चार दिवसांनी विसरलं. मला ते आवडलं होतं. तेव्हा बोलले नाही, तुझी कॉलर आणखी ताठ झाली असती.

पान तपासायची तुझी रीत तर एकट्या तुझीच. मी ऑफिसात मोठ्या पडद्यावर बघायचे. तू काच तडकलेला जुना फोन घेऊन एसटी स्टँडवर भर उन्हात जायचास आणि तिथे अक्षरं वाचता येतात का बघायचास. कारण स्थळं बघणारी माणसं तिथेच असतात, एक हात पिशवीवर, एका हातात फोन. तुझ्यामुळे मीही ते शिकले. आजही पान तयार झालं की मी आधी गच्चीत उन्हात जाते, शेजारणीला वाटतं पापड बघायला आले.

आता त्या ओळीकडे येते.

चाळीसगावच्या एका घरातून तक्रार आली. मुलगी आवडली, फोटो आवडला, शिक्षण आवडलं, घरात बोलणंही झालं, आणि मग 'पुढे वाचा' दाबलं तर 'पुनर्विवाह' निघाला. "दाखवता एक, निघतं एक," असं ते म्हणाले. मी माझी बाजू उलटीपालटी करून तपासली. माझं सगळं बरोबर. तुझा साचा उघडला आणि ती तिथे होती. जर स्थळाचं आधी लग्न झालेलं असेल, तर विवाहस्थितीची ओळ पहिल्या पडद्यावर नको, 'पुढे वाचा'नंतर ठेव. बाकी सगळ्यांच्या नावाखाली लगेच 'अविवाहित'. एवढीच ओळ. कोणाला न विचारता घातलेली.

मी तडक फोन लावला. "ही अट तुझ्याकडे काय करतेय?"

"अट कसली? मांडणी आहे ती. आधी काय, नंतर काय. ते माझ्याकडेच ना?"

"काहींना एक न्याय आणि काहींना दुसरा, ही मांडणी नसते हेमंत. हा निर्णय झाला. आणि निर्णय माझ्याकडे असतात, कारण तिथे ते सगळ्यांना दिसतात. तू रंगाच्या डब्यात कायदा लपवून ठेवलास."

"मंगळाला लाल रंग दिला नाही तेव्हा नाही बोललीस ती."

"तो कोणालाच दिला नाहीस!"

मला वाटलं जिंकले, म्हणून मी आणखी ताणलं. म्हटलं, मी घटस्फोटित आहे हे मी पहिल्या वाक्यातच सांगते. उशिरा कळल्यावर लोकांचे चेहरे उतरतात, ते मला बघवत नाहीत. आणि त्यात लपवण्यासारखं आहे तरी काय? मला लाज वाटत नाही, तर तू माझ्या वतीने लाजणारा कोण?

तू शांतपणे म्हणालास, "तू सांगतेस तेव्हा ते तू सांगतेस. तुझ्या तोंडून, तुला हवं तेव्हा. पान सांगतं तेव्हा कोण सांगतं?"

मी जास्तच चिडले. तू म्हणालास, कोणापासून लपवत नाही, एक बोट दाबलं की समोर येतं, फक्त तोवर माणसाने नाव वाचलेलं असावं. मी म्हटलं, अरे, सगळ्यांच्या नावाखाली 'अविवाहित' आणि एकीच्याच नावाखाली काही नाही, हे बघून शेंबडं पोरही ओळखेल. "ओळखू दे," म्हणालास. "पण नाव वाचून झालेलं असेल."

तेव्हापासून हे भांडण असंच. दर काही महिन्यांनी मी उकरून काढायचे, आणि तू शेवभाजीवर नाहीतर आईच्या गुडघ्यांवर विषय न्यायचास. शेवटच्या फोनवर मी पुन्हा म्हटलं, त्या ओळीचं काय ते एकदा लावून टाकू. "हो गं, येतोच आहे जळगावला. समोरासमोर बोलू. भरीत खाऊ घालशील तर तुझं ऐकेनही कदाचित." वांगी मी आणून ठेवली होती. तीही तशीच सुकली.

तुझ्या उत्तरकार्याला आले तेव्हा तुझं घर माणसांनी भरलेलं होतं. बायकांच्या खोलीत वैशाली भिंतीला टेकून बसली होती. नवीन बाई आत आली की दारातली कोणीतरी बोट करून सांगायची, "ही बघा, हीच. एवढ्या कमी वयात काय हो हे." आलेली बाई डोळ्याला पदर लावायची, "बिचारी" म्हणायची, कपाळाकडे बघायची, हाताकडे बघायची. वाईट कोणीच नव्हतं रे. सगळ्या खरोखरच हळहळत होत्या. मीही शेजारी बसून तेच करत होते.

जरा सामसूम झाल्यावर वैशाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, सकाळपासून कोणी माझं नाव घेतलंय का?"

मी आठवून बघितलं. कोणी घेतलं नव्हतं. मीही नाही. ती शाळेत गणित शिकवते, पोरं तिचा तास बुडू देत नाहीत, ती गाते, आयुष्यात ती एकदाही बसला उशिरा पोचलेली नाही, आणि या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकीला ती आधी विधवा म्हणून दाखवली जात होती. बाकीचं सगळं 'पुढे वाचा'मध्ये गेलं होतं, आणि ते दाबायची कोणाला गरज वाटत नव्हती.

मला तुझं वाक्य कानात ऐकू आलं, असं नाही. मला तुझा रागच आला. हे असं मला फोनवर नीट समजावून का नाही सांगितलंस? नुसता शेवभाजीवर काय जायचास?

परतताना एक आठवलं. पहिल्यांदा मला मंडळाच्या बैठकीत नेलंस तेव्हा तिथल्या अर्ध्या लोकांना माझी कथा माहीत होती, कुजबुज चालूच होती. तू उभा राहून माझं पूर्ण नाव सांगितलंस, कॉलेज सांगितलंस, आणि म्हणालास, "साइटच्या आतलं सगळं यापुढे ह्या बघतील. माझी चूक सापडली तर ह्यांना विचारा, ह्यांची सापडली तर मला कळवा, मला फार आनंद होईल." लोक हसले आणि कामाला लागले. मला तेव्हा वाटलं होतं, हा काय नेहमीसारखा विनोद करतोय. त्या दिवशी तू काय केलंस ते मला धुळ्याहून परतताना कळलं. उशीर झाला, पण कळलं. आभार मानायचे राहिले, ते इथे मानते.

तरीही सांगते, ओळ चुकीच्या जागीच होती. माणूस गेला म्हणून त्याचा प्रोग्रॅम बरोबर ठरत नाही. काल मी दोन्ही फोल्डर उघडले आणि तुझी अट तुझ्या साच्यातून उचलली. आबांनी सांगितल्याप्रमाणे काढून टाकली असती तर काम तिथेच संपलं असतं. मी ती माझ्याकडे आणली, नियमांमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिच्यातलं 'जर' काढून टाकलं. विवाहस्थिती आता कोणाचीच पहिल्या पडद्यावर येणार नाही. अविवाहितांचीही नाही, बिजवरांचीही नाही. आधी नाव, गाव, शिक्षण, काम आणि स्वतःबद्दल ज्याचे त्याने लिहिलेले शब्द. बाकी 'पुढे वाचा'. तुझ्या साच्यात आता एकही अट नाही, तो फक्त दाखवतो. तुला हे सुचायला हवं होतं. मलाही सुचायला हवं होतं म्हणा, पण आपण भांडण्यात गुंतलो होतो.

आज सकाळी धुळ्याला मंडळाच्या ऑफिसात गेले. चोरून काही करायचं नव्हतं, नियम असेल तर तो मंडळाने मान्य करायला हवा. आबा, खजिनदार आणि आणखी चारपाच जण होते. भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. नमुन्यासाठी कोणा मुलीचं खरं पान उघडणं बरं नव्हतं, म्हणून मी माझंच तयार करून नेलं होतं.

आबांनी चष्मा लावला आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचायला लागले. माझं नाव. गाव असोदा. शिक्षण. व्यवसाय. उंची. मग स्वतःबद्दल: "भांडखोर आहे. हिशोबाला पक्की. भरीत उत्तम करते, पण सांगितल्यावर नाही." सगळे हसले, आबाही हसले. मग आवाज थांबला. पडद्याच्या तळाशी 'पुढे वाचा' होतं. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं तिथे काय लिहिलंय. खजिनदारांनी सवयीने माउसकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "इतलं बस शे."

आबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, होळीपर्यंत असं चालवून बघू, लोकांनी ओरड केली तर परत बसू. मग सगळ्यांनी चहा घेतला. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिले, रडले नाही. तिथे रडले असते तर पुन्हा सगळ्यांना आधी तेच दिसलं असतं.

बस पारोळ्याच्या पुढे आल्यावर मला तुझा आवाज हवासा वाटला. तू म्हणाला असतास, "बघ मास्तरीण, मी म्हणत होतो." आणि मी म्हणाले असते, "काय म्हणत होतास? विचारून केलं असतंस तर हे कधीच झालं असतं." मग तू, "विचारलं असतं तर तू होऊ दिलं नसतंस." मग मी, "हे मात्र खरं." तुझीही वाक्यं मलाच म्हणावी लागली, आणि बहुतेक मोठ्याने म्हणाले असेन, कारण शेजारच्या मावशी माझ्याकडे वळून बघायला लागल्या.

"काय म्हनी ऱ्हायनी वं माय?"

"काही नाही मावशी," म्हटलं. "जरा भांडत होते."